एक निरी कमी

आपल्याकडे माणसाच्या आयुष्यात काही घडलं की त्याचं जेवण होतं. जन्मलं की बारसं, घास घेऊ लागलं की उष्टावण, मग मुंज, लग्न, डोहाळजेवण. त्यानंतर एकदम साठीशांत, पंचाहत्तरी आणि नशिबात असलं तर सहस्रचंद्रदर्शन. बाईच्या बाबतीत मात्र डोहाळजेवणापासून साठीशांतीपर्यंतची पत्रिका कोरीच आहे. साठीशांतही बहुधा नवऱ्याची. हिने शेजारच्या पाटावर बसायचं आणि गुरुजींनी खूण केली की त्याच्या हाताला हात लावायचा, एवढंच. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत कधीतरी, कुठल्याशा साध्या मंगळवारी, ती मध्यमवयीन होते आणि त्या दिवशी घरात साधा शिरासुद्धा होत नाही.

सोहळा नाही म्हणून तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणून तिला स्वतःला पत्ता नाही. बाकीच्यांना असतो. ही बातमी आधी शिंप्याला लागते, मग कासारणीला, पार्लरमधल्या मुलीला, बँकेतल्या कारकुनाला, सिनेमावाल्यांना, रेल्वेला. सगळीकडून फिरत फिरत जिची आहे तिच्यापर्यंत येते तोवर ती शिळी झालेली असते.

खरं तर हे काम आरशाचं. पण आरशाची आणि बाईची रोजची गाठभेट, आणि रोज भेटणाऱ्यातला फरक कोणाला दिसतो? शिवाय निसर्गाने इथे थोडा समंजसपणा दाखवला आहे. डोळ्यातलं भिंग ताठर होऊन जवळचं धूसर दिसायला लागतं ते चाळिशी ओलांडताना, म्हणजे डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा उमटतात त्याच सुमाराला. त्या रेघा बघायच्या तर चष्मा हवा आणि काजळ घालायचं तर तो काढायला हवा. त्यामुळे कित्येक बायकांनी स्वतःच्या चेहऱ्याची अलीकडची काही वर्षं नीट पाहिलेलीच नाहीत. मग एखादी भाची लग्नातला फोटो पाठवते, तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला जातो आणि 'हिच्या फोनचा कॅमेरा काही बरा नाही' असा निकाल लागतो.

शिंप्याचं तसं नाही. तो टेप लावतो. डोंबिवलीत मी ज्यांच्याकडे ब्लाऊज शिवून घेते ते मास्टर एका लांबट वहीत सगळ्या बायकांची मापं ठेवतात. मी दर खेपेला 'मागच्याच मापाने शिवा' म्हणते. ते दर खेपेला 'हो ताई' म्हणतात, गळ्यातली टेप काढतात आणि कुठलाही आकडा तोंडाने न उच्चारता वहीत लिहितात. कापणाऱ्या पोराला मोठ्याने ऐकवतात ते फक्त बाहीचं माप. 'बाही दहा.' ती पूर्वी पाच होती. दंडांची परिस्थिती जसजशी बदलली तसतशी ती खाली उतरत गेली, आणि दर वेळी 'आता हीच फॅशन आहे' असं आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं.

मास्टरांचा खरा मोठेपणा टिपांमध्ये आहे. दोन्ही बाजूंना आत कापड राखून ते तीन टिपा मारतात. ब्लाऊज घट्ट झाला की रात्री जेवणं आटपल्यावर बाई ब्लेड घेऊन बसते आणि एक टीप उसवते. उसवलेल्या जागी सुईच्या भोकांची बारीक रांग राहते आणि तिच्या पलीकडची पट्टी अजून दुकानात पाहिली होती तितकी गडद असते. जाणत्या बाईने कोणाचाही ब्लाऊज उलटा करून पाहिला तर तिला सगळा इतिहास वाचता येईल. ही पहिली टीप धाकट्याच्या वेळची. ही दुसरी थायरॉइडची. आणि ही तिसरी, मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला आणि सवयीने चौघांचा स्वयंपाक होत राहिला, तेव्हाची.

टिपा संपल्या की मास्टर बगलेत कळी घालून देतात. कळीचाही उपयोग होणार नसेल तेव्हा ते ब्लाऊज उजेडात धरतात, कापडावरून बोट फिरवतात आणि गंभीरपणे म्हणतात, 'आटलंय, ताई.' सुती कापड आटतं हे मान्य. पण पैठणीवरचा रेशमी ब्लाऊज, ज्याला पाणी कधी लागलेलं नाही, जो मलमलच्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात असतो, तो तिथे पडल्या पडल्या आटतो असं म्हणणारी सभ्यता शिंप्याकडेच असते. डॉक्टरकडे नसते.

साडी त्याहून मायाळू, पण ती हिशेब ठेवते. साडी साडेपाच मीटरची. ती काही आपल्याबरोबर वाढत नाही. कमरेभोवती तिचे साधारण दोन वेढे जातात, पदर खांद्यावरून मागे सोडायचा, आणि उरेल त्याच्या निऱ्या. एक निरी पाच इंची धरली तर दुमडीसकट दहा इंच कापड खाते. म्हणजे कंबर पाच इंचांनी वाढली की दोन वेढ्यांत दहा इंच गेले आणि एक निरी कमी झाली. शंका असेल तिने लग्नाचा अल्बम काढून निऱ्या मोजाव्यात, मग गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो मोजावा. त्यातून पदर पूर्वीसारखा गुडघ्याच्या खाली आलाच पाहिजे असा हट्ट असेल तर आणखी एक निरी जाते. पन्नाशीच्या बायका पदर आखूड घेतात त्यात शालीनता किती आणि भूमिती किती, हे सांगणं कठीण आहे.

आमच्या आज्यांना ही भूमिती माहीतच नव्हती. नऊवार लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. त्यात बाई भरली काय किंवा वाळली काय, ओच्यात चार बोटं इकडची तिकडे. चोळीला पुढे गाठ, ती जरा सैल बांधली की झालं. त्या सगळ्या वेशात कुठेही आकडा नव्हता. आकडा आला तो तयार कपड्यांबरोबर, मानेला टोचणारं लेबल होऊन. हे लेबल टोचतं म्हणून कापलं असं सगळ्याच बायका सांगतात. एक्सएल आणि त्याच्या पुढचीच लेबलं जास्त टोचतात, एवढं माझं निरीक्षण आहे. आता तर नऊवारीही शिवलेली मिळते, चेन लावून, आणि तिच्यावरही मापं छापलेली असतात. पाडव्याची शोभायात्रा १९९९ साली आमच्या डोंबिवलीतून सुरू झाली, याचा आम्हाला दरवर्षी नव्याने अभिमान वाटतो. त्या यात्रेत फेटा आणि गॉगल लावून बुलेटवर मागे बसलेल्या पन्नाशीच्या मैत्रिणी एका हाताने लोकांना नमस्कार करतात. दुसरा हात चेनवर असतो.

गाऊनबद्दल मी बोलणार नाही. तो आला, त्याने पाहिलं आणि तो राहिला. दाराची बेल वाजली की त्याच्यावर हाताला लागेल ती ओढणी येते, तिचा रंग जुळला पाहिजे असा आग्रह कोणीच धरत नाही आणि तेवढ्या वेशात बाई कुरिअर घेते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्यावरून भांडते आणि भाजीही आणते.

कासारीण मास्टरांइतकी मायाळू नसते, कारण काचेला टीप नसते. बांगडीच्या मापात अजून आण्यांचा हिशेब चालतो. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच. देशातले आणे १९५७ साली व्यवहारातून गेले, बायकांच्या हातात मात्र राहिले. लग्नात जिने दोन-चारचा हिरवा चुडा भरला, ती बाई भाच्याच्या लग्नात मांडवात हात पुढे करते. कासारीण तो हात दाबते, अंगठा तळव्यात मुडपून पाहते आणि सगळ्या वऱ्हाडाच्या देखत मदतनीस पोरीला सांगते, 'दोन-आठ काढ गं. हाडं कडक झालीत.' एवढं स्पष्ट निदान पुढे हाडांच्या डॉक्टरांनी हजार रुपये घेऊनही केलेलं नसतं.

डॉक्टर कारणं सांगतात, ती मात्र चोख. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याच्या आधी काही वर्षं इस्ट्रोजेन हेलकावे खायला लागतं आणि मग उतरतं. तेव्हा मांड्यांवर आणि नितंबांवर इतकी वर्षं नेमणुकीला असलेली चरबी पोटावर बदलून येते. बढती नाही, नुसती बदली, पण एकदा आली की निवृत्तीपर्यंत तिथून हलत नाही, वरून कितीही दबाव आणा. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन साधारण ३० टक्क्यांनी घटतं, म्हणून गाल खाली उतरतात आणि जबड्याच्या कडेला मुक्काम करतात. कमरेची हद्दही आखून दिलेली आहे. भारतीय बाईला ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. अमेरिकेतल्या गोऱ्या बाईला ८८. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला वाटलं की निदान सहा महिने तरी आपल्याला आठ सेंटिमीटरची सूट आहे. पण ही हद्द वंशावर ठरते, व्हिसावर नाही.

चेहऱ्याचं प्रकरण निराळं आहे आणि मला ते सगळ्यात आवडतं. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं. काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पाळण्यातलं नावही बदलतात. मग आमटीत गूळ किती इथपासून गणपती किती दिवसांचा इथपर्यंत तिचं सगळं सासरचं होतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं ती सासरची होत राहते, इतकी की नणंदा माहेरपणाला आल्या की ती त्यांनाच 'आपल्याकडे असं नाही करत' म्हणते. आणि मग पन्नाशीत, एक अवाक्षर न बोलता, तिचा चेहरा माहेरी निघून जातो. ओठ बारीक होतात, कानाच्या पाळ्या ओघळतात, नाक जरा पुढे येतं. तरुणपणाच्या गोबरेपणाने इतकी वर्षं झाकून ठेवलेला कुळाचा साचा वर येतो, आणि सासरच्या देवघरासमोर, सासरच्या देवांना, सासरच्या पद्धतीने फुलं वाहत चक्क चिपळूणची आत्या उभी असते. सासूबाई हयात असतील तर हा पराभव त्यांना डोळ्यांनी बघावा लागतो. नवरेही अशा वेळी एक अत्यंत धोक्याचं वाक्य बोलून जातात. 'तू हल्ली अगदी आईसारखी दिसायला लागलीयस.' कोणाच्या, ते सांगत नाहीत.

पार्लरमधली मुलगी बावीस वर्षांची असते आणि मास्टरांकडे तिची उमेदवारी झालेली नसते. ती खुर्ची मागे रेलवते, धागा दातात धरते आणि सहज विचारते, 'आयब्रोज, अप्पर लिप... मॅडम, हनुवटी पण करू?' हनुवटीवरचा तो एकुलता एक जाड केस म्हणजे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने काही विशेष नाही. इस्ट्रोजेन उतरलं की जी थोडीफार पुरुषी संप्रेरकं बाईच्या अंगात आधीपासून असतात त्यांना वाव मिळतो, इतकंच. पण तो घरच्या आरशात कधीच का दिसत नाही आणि रिक्षाच्या आरशात, सिग्नलला उभं असताना, हाताशी चिमटा नसतानाच का दिसतो, याचा खुलासा कोणी करत नाही. भुवयांची गोष्ट त्याच्या उलट. १९९० च्या दशकात आम्ही त्या कमानदार आणि धाग्याएवढ्या बारीक करून घेतल्या. पुढे दाट भुवयांची फॅशन आली, आणि बघतो तर निम्म्या परत उगवायला तयार नाहीत. आता रोज सकाळी त्या पेन्सिलीने काढाव्या लागतात, चष्मा उतरवून, म्हणजे अंदाजाने. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांची डावी भुवई त्यामुळे दिवसभर कशाने तरी चकित झालेली असते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे भांगात दर महिन्याला एक सेंटिमीटर सत्य बाहेर येतं आणि एखाद्या रविवारी ते पुन्हा झाकलं जातं. २०२० च्या मार्चमध्ये पार्लरं बंद झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या भांगांनी काय काय दाखवलं ते ज्यांनी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगा केल्या त्यांना विचारा. कॅमेरा बिघडल्याच्या तक्रारी तेव्हा सगळीकडूनच येत होत्या. २८ जूनला राज्य सरकारने पार्लरं उघडायला परवानगी दिली, तीही मोजक्या कामांपुरती: केस कापणं, केस रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग. त्वचेचे बाकी लाड बंद. देवळं उघडायला नोव्हेंबर उजाडला. सरकारला कधी नव्हे ते जनतेच्या निकडीचं अचूक भान आलं होतं असं माझं मत आहे. त्या तीन महिन्यांत काही जणींनी धीर केला आणि पांढरे केस तसेच ठेवले. त्यांना हळदीकुंकवात हमखास 'किती ग्रेसफुल दिसतेस गं, मीही आता सोडूनच देणार आहे' असं ऐकायला मिळतं. म्हणणारीच्या कानामागे डायचा डाग अजून ओला असतो.

पन्नाशीच्या सुमाराला शाळेच्या वर्गमैत्रिणींचा ग्रुप निघतो आणि रिसॉर्टला स्नेहमेळावा ठरतो. तिथे पोचल्यावर जी ती दुसरीला 'तू अजिबात बदलली नाहीस' असं म्हणते, आणि लगेच शेजारणीला विचारते, 'ही कोण गं?' ओळख पटते ती चेहऱ्याने नाहीच. हसण्याने पटते, चालण्याने पटते, वर्गात बाईंना पाठीमागून वेडावून दाखवायची ती लकब पन्नाशीतही तशीच असते त्याने पटते. मग ग्रुप फोटो. शाळेत असताना पुढे बसण्यावरून मारामारी व्हायची. आता मागची रांग आधी भरते. प्रत्येकीला दुसरीच्या खांद्याआड निदान अर्धं तरी व्हायचं असतं, आणि पुढच्या खुर्च्यांवर शेवटी रिसॉर्टवाल्याने जबरदस्तीने बसवलेल्या चौघी जणी पर्स पोटावर धरून हसतात. घरी परतल्यावर डीपी बदलतो. पण तिथे त्या फोटोतलं कोणीच येत नाही, जास्वंद येते.

हाक मारणारे लोकही बातमी पोचवतात, पण त्यांचा तऱ्हेवाईकपणा असा की त्यांना स्वतःचं वय ठाऊक नसतं. ताईची वहिनी झाली तेव्हा काही वाटलं नव्हतं, मधे एक लग्न तरी झालेलं होतं. वहिनीची काकू होते तेव्हा मधे काहीच घडलेलं नसतं. बँकेत काउंटरच्या पलीकडे अर्धं टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस 'काकू, इथे सही' म्हणतो, तेव्हा बाई पेन हातात घेऊन क्षणभर थांबते आणि त्याचं मॅट्रिकचं साल मनातल्या मनात मांडते. भाजीबाजारात तर पासष्टीची माळीण पंचेचाळिशीच्या गिऱ्हाइकाला 'घे ना मावशी, कवळी हाय भेंडी' म्हणते. तिच्याशी मात्र कोणी वाद घालत नाही. ती सुट्टे पैसे राखून असते.

सिनेमावाल्यांची तऱ्हा आणखी पुढची. ही बातमी घडायच्या आधीच ते ती छापून मोकळे होतात. 'दीवार' १९७५ चा. निरुपा रॉय यांचा जन्म १९३१ चा आणि त्यांचा मुलगा झालेल्या अमिताभ बच्चन यांचा १९४२ चा. आई मुलापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. हे त्यातल्या त्यात बरं. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये देव आनंद यांची आई आपल्या सुलोचनादीदी आहेत. देव आनंद १९२३ चे, दीदी १९२८ च्या. मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी थोरला. आणि राखी यांच्यावर तर कमालच झाली. १९८२ साली 'बेमिसाल'मध्ये त्या अमिताभबरोबर नायिका होत्या आणि त्याच १९८२ साली 'शक्ती'मध्ये त्याच अमिताभच्या आई. वयाने त्या त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. एका वर्षात एवढ्या टिपा आमच्या मास्टरांनाही उसवता आल्या नसत्या.

याच्या उलट, आमच्याच मातीतलं एक उदाहरण आहे. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, जन्म १८८८. १९११ साली 'मानापमान'मध्ये ते भामिनी झाले तेव्हा ऐन तारुण्यात होते. १९१९ साली 'एकच प्याला'मध्ये सिंधू झाले. ते साडी कशी नेसतात, केसांत गजरा कुठे माळतात हे बघून मोठमोठ्या घरांतल्या बायकांनी आपला शृंगार बदलला. चाळिशी गेली, शरीर स्थूल झालं, तरी प्रेक्षकांनी हूं की चूं केलं नाही. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' या चित्रपटात ते मीरा झाले तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलं होतं. थोडक्यात, मराठी रसिकाला पन्नाशीची नायिका चालते. फक्त ती पुरुष असावी लागते.

सरकारी खात्यांपैकी एसटीचं मला कौतुक आहे. १७ मार्च २०२३ पासून तिने सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट केलं आणि वयाचा विषयच मिटवला. त्याआधी निम्म्या तिकिटासाठी पासष्ट पूर्ण असल्याचं कार्ड दाखवावं लागायचं, आणि सदुसष्टीच्या कित्येक बायका कंडक्टरसमोर शांतपणे पूर्ण तिकिटाचे पैसे मोजून खिडकीशी बसायच्या. रेल्वेला असला नाजूकपणा जमत नाही. खालच्या बर्थचा तिचा एक कोटा आहे. त्यात पुरुषाला साठ वर्षांची अट आहे आणि बाईला पंचेचाळीस. म्हणजे वरच्या बर्थवर चढणं बाईला कितव्या वर्षापासून झेपत नाही, हे रेल्वेने छापून जाहीर केलेलं आहे. पाळी जाण्याच्या सरासरी वयाशी हा आकडा इतका जवळून जुळतो की तो ठरवणाऱ्या समितीत एखादी डॉक्टरीण असणार, नाहीतर कोणाची तरी बायको.

गेल्या मे महिन्यात कोकणकन्येने मी कुडाळला निघाले होते. तात्काळमध्ये कसला कोटा आणि कसलं काय, मिळाली ती वरची बर्थ. ठाण्याला चढले तर समोर माझ्याच वयाच्या एक ताई, मधल्या बर्थच्या मालकीण. खाली एका बाजूला कानात इअरफोन घातलेला एक पोरगा. दुसऱ्या बाजूची खालची पनवेलला भरणार होती. गाडी सुटली तशी त्या ताई पोराकडे वळल्या.

'बाळा, तुझी ही खालची मला देशील का? गुडघ्याचा त्रास आहे रे.'

'मी आत्ता तेच विचारणार होते,' मी म्हटलं. 'माझे दोन्ही गेलेत.'

'पन्नाशी झाली हो आता. चढवत नाही.'

'मला बावन्न लागलंय.'

'वाटत नाही हं तुम्ही!'

'डाय आहे तो,' मी म्हटलं. डब्यात. मोठ्याने.

ताईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. 'माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली,' त्या म्हणाल्या. साइड लोअरवरच्या गृहस्थांनी घडी घालून ठेवलेला पेपर पुन्हा उघडला.

'माझा हाडांचा रिपोर्ट फोनमध्ये आहे,' म्हणून मी तो काढला. माझ्या फोनवर अक्षरं एवढी मोठी ठेवलेली आहेत की रिपोर्ट मला दिसायच्या आधी तो साइड अप्परवाल्याने वाचला असणार. ताईंनी आधार कार्डासाठी पर्समध्ये हात घातला. एवढ्यात पोराने एका कानातला इअरफोन काढला आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, अगदी मनापासून म्हणाला,

'अहो आजी, तुम्ही घ्या ना. मी जातो वर.'

ताईंचा हात पर्समध्येच राहिला.

'घ्या हो,' त्या मला म्हणाल्या. 'तुम्हाला म्हणतोय तो.'

'छे छे. तुमच्याकडे बघून म्हणाला.'

'माझं काय, मधली म्हणजे काही फार उंच नसते.'

'मला तर वर छान झोप लागते. येणाऱ्याजाणाऱ्यांचा धक्का नाही.'

पोराने खांदे उडवले, इअरफोन परत घातला आणि स्वतःच्याच बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपला. ताईंनी मधली बर्थ साखळ्यांना अडकवली आणि एका दमात वर गेल्या. मी त्यांच्याहून एक पायरी जास्त चढले. मिनिटभर दोघीही धापा टाकत होतो, पण आवाज येऊ देत नव्हतो.

पनवेलला समोरच्या खालच्या बर्थचे मालक आले. सत्तरीचे असावेत. पांढरेशुभ्र केस, खांद्याला शबनम. त्यांनी बॅग सीटखाली सरकवली, दिव्याच्या उजेडात मान वर करून आमच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, 'वहिनी, तुम्ही कशाला वर चढलात? माझी घ्या की खालची.'

मी पटकन चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिडीवर पाय टाकला. पण मधल्या बर्थवरच्या ताईंचा पाय माझ्याआधी जमिनीला लागला होता.